बरणीतली आजी

हा लेख मागच्या शनिवारीच यायचा होता. पण शुक्रवारी रात्री रिलीज होतं, आणि ज्यांनी कधी शुक्रवारी रिलीज केलंय त्यांना पुढचा शनिवार कसा जातो ते सांगायला नको. असो. उशीर झाला आणि त्यामुळे लेखही लांबला, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आजचा विषय सी ॲनिमोन. मराठीत समुद्रफूल म्हणतात, पण हे फूल नाही, पक्का मांसाहारी प्राणी आहे. प्रवाळाचा सख्खा आणि जेलीफिशचा चुलत भाऊ म्हणा. हाड नाही, डोळे नाहीत, मेंदू नाही. खाली खडकाला धरून ठेवणारा एक पाय, वर एक तोंड, आणि तोंडाभोवती डंख मारणाऱ्या बोटांचा झुबका. जे खाल्लं त्याचा उरलेला चोथाही त्याच तोंडातून बाहेर. एकच पोर्ट, इनपुटही तोच आणि आउटपुटही तोच. तुम्ही 'फाइंडिंग निमो' पाहिला असेल तर निमोचं घर म्हणजे हेच.

आता हे माझ्या आयुष्यात कुठून आलं ते सांगतो. 2019 ची गोष्ट. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये माझी 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आठ महिन्यांची झाली होती. क्लाउनफिशची एक जोडी मजेत होती (सोसायटीतली पोरं त्यांना निमो आणि निमोची बायको म्हणायची). वाटलं, यांना घर द्यावं. दुकानात त्या दिवशी दोन ॲनिमोन होते. एक मळकट तपकिरी, चहाच्या डागासारखा. दुसरा पांढराशुभ्र, बोटांची टोकं जांभळी. कुठला घेतला असेन ते तुम्ही ओळखलंच असेल. दुकानदार म्हणाला, 'सर, हा प्रीमियम पीस आहे.' मी प्रीमियम पैसे दिले.

त्याच आठवड्यात आई रत्नागिरीहून आली. टाकीसमोर बसली, बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, 'अरे, हे पांढरं पडलंय रे. असं पांढरंफटक पडलेलं काही बरं नसतं.' मी म्हटलं, 'अगं आई, त्याचा रंगच तसा आहे.' तिने मान हलवली आणि भाजी निवडायला गेली.

पाचव्या आठवड्यात तो गेला. तोंड वासलेलं, पाय सुटलेला, पाण्यावर हेलकावे खात. मेलेला ॲनिमोन टाकीत विरघळतो आणि सोबत सगळ्यांना घेऊन जातो. मी ऑफिसातून येईपर्यंत अमोनिया चढला होता. एक क्लाउनफिश आणि दोन कोळंब्या गेल्या. दुसरा क्लाउनफिश वाचला. तो अजून आहे, आणि या लेखात शेवटी परत येईल.

प्रॉडक्शनवर काही पडलं की आमच्याकडे रूट कॉज लिहावं लागतं. ते लिहायला म्हणून मी वाचायला बसलो आणि दीडशे-दोनशे वर्षं मागे जाऊन पोचलो. कारण घरात ॲनिमोन पाळणं हा अमेरिकन मॉलमधून आलेला छंद आहे असा माझा समज होता, आणि तो साफ चुकीचा निघाला.

1828 साली सर जॉन ग्रॅहम डॅलिएल नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ एडिंबरोजवळच्या नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावर फिरत होता. (तेव्हा तो अजून 'सर' झाला नव्हता, ते 1836 साली.) पेशाने वकील. जुनी हस्तलिखितं, स्कॉटलंडमधल्या चेटक्या आणि अंधश्रद्धा यांवर पुस्तकं लिहिणारा, आणि उरलेल्या वेळात समुद्रातले मऊ मऊ प्राणी घरी आणून बघत बसणारा. त्याने खडकावरून एक लालसर तपकिरी ॲनिमोन काढून आणला. साधाच. ब्रिटनच्या किनाऱ्यावर ओहोटीला गोठलेल्या जेलीच्या गोळ्यासारखे दिसतात, त्यातला एक. तो त्याने काचेच्या बरणीत ठेवला. तेव्हाच त्याचं वय किमान सात वर्षं असावं असा अंदाज होता.

पंप नाही. फिल्टर नाही. हीटर नाही, दिवा नाही. बरणी आणि समुद्राचं पाणी, बस्स. डॅलिएल माणूस लावून किनाऱ्यावरून पाणी मागवायचा आणि बरणीतलं जुनं पाणी ओतून नवीन भरायचा. ॲनिमोन जगला. नुसता जगला नाही, त्याला पिल्लं झाली. या जातीत पिल्लं आईच्या पोटातच वाढतात आणि तोंडातून बाहेर पडतात, छोटी छोटी, तयार. वीस-एक वर्षांत तीनशेच्या वर पिल्लं झाल्याची नोंद डॅलिएलने ठेवली.

1851 साली डॅलिएल वारला. ॲनिमोन जिवंत होता. तो प्राध्यापक जॉन फ्लेमिंगकडे गेला. 1857 साली फ्लेमिंग वारला. ॲनिमोन डॉक्टर जेम्स मॅकबेनकडे गेला. त्याच 1857 च्या वसंतात, बरीच वर्षं काही नसताना, एका रात्रीत दोनशेहून जास्त पिल्लं. 1879 मध्ये मॅकबेन गेला. मग ॲनिमोन एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनचा क्युरेटर जॉन सॅडलर याच्याकडे, आणि 1882 मध्ये सॅडलर वारल्यावर त्याच्या जागी आलेल्या रॉबर्ट लिंडसेकडे. तोवर लोक तिला 'ग्रॅनी' म्हणायला लागले होते. आजी. मीही आता 'तो' सोडून 'ती' म्हणतो. भेटायला पाहुणे येत, सह्यांची वही ठेवलेली होती. खाणं काय, तर पंधरवड्यातून एकदा अर्धा मसल, म्हणजे गोव्यात ज्याला शिनाणे म्हणतात त्या जातीचा शिंपला. 1887 च्या ऑगस्टमध्ये आजी वारली. 'द स्कॉट्समन' या वर्तमानपत्रात तिच्यावर मृत्युलेख आला.

59 वर्षं बरणीत! चार मालक तिच्या डोळ्यांदेखत गेले (डोळे नव्हते, पण असो), पाचव्याच्या हाती तिने प्राण सोडला. आणि माझ्याकडे प्रोटीन स्किमर, वेव्हमेकर, मोबाइलवर तापमान सांगणारा सेन्सर असं सगळं असताना पाच आठवडे. हा आकडा मला नीट झोपू देईना.

आजीच्या काळात बाकीचे लोक काय करत होते, तेही बघण्यासारखं आहे. 1846 साली ॲना थिन ही बाई टॉर्कीला सुट्टीला गेली होती. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठा पाद्री. तिला तिथे खडकावरचे छोटे कडक प्रवाळ सापडले आणि ती त्यांच्या प्रेमात पडली. लंडनला न्यायचे कसे? प्रवासात एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजवर टाचले. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात आवडता हॅक वाटतो. लंडनमध्ये समुद्र नाही, आणि पाण्याला हवा लागते हे तिच्या लक्षात आलं होतं. मग उघड्या खिडकीसमोर उभं राहून ते पाणी रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात ओतायचं. ओतायची अर्थात घरातली मोलकरीण. त्या पोरीला हे काम मजेचं वाटायचं असं बाईंनी लिहून ठेवलंय. पोरीचं म्हणणं कोणी लिहून ठेवलेलं नाही. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातलं आणि बरीचशी ओताओत वाचली. लंडनच्या मधोमध, समुद्राशिवाय, समुद्री प्राणी वर्षानुवर्षं जगले.

हेच तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 साली कागदावर मांडलं. काचेची टाकी, दोन गोल्डफिश, पाणवनस्पती, सडकी पानं खायला गोगलगाई. मासा ऑक्सिजन घेतो, वनस्पती ऑक्सिजन देते, हिशेब जुळला. सुंदर थिअरी. आणि वेळही बरोबर होती, कारण काचेवरचा कर 1845 साली उठला होता, आणि रेल्वेमुळे लंडनचा कारकूनसुद्धा रविवारी समुद्रावर जाऊन यायला लागला होता. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यघर उघडलं. त्यासाठी प्राणी पुरवणाऱ्यांत होता फिलिप हेन्री गॉस, ज्याच्या 1854 च्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घराघरात नेला.

गॉस हा या कथेतला हीरोही आहे आणि दुसरंही काहीतरी. निरीक्षण असं की वाचताना आपण त्याच्या बाजूला ओणवे होऊन डबक्यात बघतोय असं वाटतं. 1860 साली त्याने ब्रिटनच्या ॲनिमोनांवर अख्खा ग्रंथ काढला, स्वतः काढलेल्या रंगीत चित्रांसह. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असं मिसळून घरी समुद्राचं पाणी कसं करायचं याची कृती 1854 सालीच छापली. माझ्या बाल्कनीतल्या मिठाच्या बादलीचा खापरपणजोबा तो. पण त्याची पुस्तकं वाचून लोक छिन्नी-हातोडा घेऊन किनाऱ्यावर उतरले. बायका, मुलं, पाद्री, शिक्षक. लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइडच्या दुकानात ॲनिमोन आणि समुद्राचं पाणी दोन्ही विकत मिळायचं. घरी नेलेले बहुतेक प्राणी मरायचे, आणि मेले की पुन्हा रेल्वे. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 साली 'फादर अँड सन' या आठवणींमध्ये लिहिलंय की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती डबकी आता राहिलेली नाहीत, गोळा करणाऱ्यांच्या फौजेने ती ओरबाडून टाकली, आणि आपण काय सुरू करून दिलं हे कळल्यावर वडिलांना मनापासून दुःख झालं.

हे वाचताना मला हाजी अली आठवलं. तिथे ओहोटीला खडक उघडे पडतात आणि त्यांवर ॲनिमोन असतात, खरेखुरे, मुंबईच्या त्या पाण्यात! 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे लोक ओहोटी बघून तिथे फेऱ्या काढू लागले. मी एकदा गेलो होतो. नियम साधा, बघायचं आणि जे जिथे आहे तिथे ठेवायचं. माझ्या शेजारच्या काकांनी 'एखादा घरी नेता येईल का' असं विचारलं आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच शरमलो. कारण मनात माझ्याही तेच होतं.

तर गॉसच्या काळातले ॲनिमोन मरायचे का? थिअरी तर सुंदर होती. अडचण अशी की ती अर्धीच होती. टाकीतला ऑक्सिजन त्यांना समजला होता, टाकीतली घाण समजली नव्हती. प्राण्याच्या मलमूत्रातून, सडणाऱ्या अन्नातून अमोनिया होतो, तो विष आहे, आणि त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात. आज कुठल्याही दुकानदाराला हे पाठ असतं. हे नायट्रीकरण जिवाणू करतात हे 1877 साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांनी दाखवलं. आणि ते दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवांकडून होतं हे कोणी दाखवलं? इंग्लंडच्या रॉथमस्टेडला शेतीच्या मातीवर काम करणाऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टनने. नाव तेच? हो, त्याच वॉरिंग्टनचा मुलगा! बापाने टाकीचा अर्धा हिशेब मांडला, मुलाने शेतात बसून उरलेला. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि बायकोला उठवून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, म्हणून संसार टिकून आहे :-)

त्या दुकानवाल्या लॉइडला मात्र, जिवाणू माहीत नसताना, अनुभवातून काहीतरी उमगलं होतं. 1862 साली त्याचं दिवाळं वाजलं. मग तो मोठमोठी मत्स्यालयं उभी करायला लागला. आधी हॅम्बर्ग, मग 1871 मध्ये लंडनचं क्रिस्टल पॅलेस. त्याची युक्ती अशी की दाखवायच्या टाक्यांत जेवढं पाणी, त्याच्या कितीतरी पट पाणी तळघरात, अंधारात, गार ठेवायचं आणि यंत्राने सतत फिरवत राहायचं. आजच्या रीफ टाकीखाली जो संप असतो (खालची टाकी हो, कामगारांचा नव्हे) तो इथून निघाला. पाण्याची काळजी घे, प्राणी स्वतःची घेईल, असा काहीसा लॉइडचा खाक्या होता, आणि आजीच्या बरणीतही तेच चाललं होतं. डॅलिएलने हिशेब मांडलाच नव्हता. तो सरळ पाणीच बदलायचा.

इथपर्यंत वाचून माझी रूट कॉज तयार होती: पाणी कमी बदललं. पण जुळत नव्हतं. माझं नायट्रेट शेवटच्या दिवसापर्यंत ठीक होतं. सगळ्या नोंदी वहीत होत्या, अमोनिया मेल्यानंतर चढला होता, आधी नाही. मग?

मग मला पॅट्रिक गेडिस भेटला.

नाव ओळखीचं वाटतंय? नगररचना शिकलेल्यांना नक्कीच. हाच तो. मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा पहिला प्राध्यापक. इंदूर, बडोदा अशा शहरांचे अहवाल लिहिणारा, जगदीशचंद्र बोसांचं चरित्र लिहिणारा, आणि आपल्या मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्यांना विलायतेला शिकायला जायचा मार्ग मोकळा करणारा दाढीवाला स्कॉट. पण तो मुळात जीवशास्त्रज्ञ होता, हक्स्लीचा विद्यार्थी. आणि तरुणपणी त्याने ज्या गोष्टीच्या मागे लागून दिवस काढले, ती म्हणजे समुद्री प्राण्यांच्या अंगातल्या रंगीत पेशी.

अनेक ॲनिमोनांच्या मांसात सूक्ष्मदर्शकाखाली पिवळसर तपकिरी गोल ठिपके दिसतात. ग्रंथी आहेत? साठवलेलं अन्न आहे? कोणाला धड माहीत नव्हतं. गेडिसने इटलीतल्या नेपल्सच्या प्रयोगशाळेत असे ॲनिमोन उन्हात ठेवले. त्यांच्या अंगातून बुडबुडे निघाले, आणि तो वायू तपासला तर त्यात ऑक्सिजन भरपूर. म्हणजे हे ठिपके वनस्पती आहेत, प्राण्याच्या अंगात राहणारं एकपेशीय शेवाळ. ते उन्हात अन्न बनवतं, प्राण्याला ऑक्सिजन आणि अन्न देतं, प्राणी त्याला आसरा आणि आपला कचरा देतो. 1882 साली 'नेचर'मध्ये त्याने हे लिहिलं. जर्मनीत कार्ल ब्रांट त्याच सुमारास त्याच निष्कर्षावर पोचला होता, आणि त्याने दिलेलं झूझँथेला हे नाव टिकलं. गेडिसने ठेवलेलं नाव होतं फिलोझून, म्हणजे प्राण्यावर प्रेम करणारा. माझं मत विचाराल तर हे नाव जास्त छान होतं.

म्हणजे वॉरिंग्टनची आख्खी टाकी, वनस्पती आणि प्राणी दोन्ही, एकाच ॲनिमोनच्या अंगात! फक्त तिला ऊन हवं.

माझ्या पांढऱ्याशुभ्र प्रीमियम पीसमध्ये पिवळ्या पेशी नव्हत्या. त्या जातीचा, हेटेरॅक्टिस क्रिस्पाचा, निरोगी रंग तपकिरी असतो. दुकानातला तो चहाचा डाग निरोगी होता. पांढरा पडलेला म्हणजे पकडताना, प्रवासात, अंधाऱ्या खोक्यांत किंवा गरम पाण्यात आपलं शेवाळ गमावून बसलेला, उपाशी. त्याला मी साध्या पांढऱ्या एलईडी पट्टीखाली ठेवला होता, मासे छान दिसावेत म्हणून लावलेल्या. असा ॲनिमोन कधीकधी वाचतो, म्हणतात. तगडा प्रकाश हवा, आणि शेवाळ परत येईपर्यंत लहान लहान घास भरवावे लागतात. मी तो पाच आठवडे कौतुकाने पाहत होतो.

आता आजीचं कोडंही सुटतं. तिच्या जातीत या पिवळ्या पेशी नसतातच. तिला ऊन लागत नव्हतं. शिवाय ती भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातली, दिवसातून दोनदा पाण्याबाहेर पडणारी, पावसाचं गोडं पाणी, थंडी सगळं सोसलेली. स्वच्छ पाणी आणि पंधरवड्याला अर्धा शिंपला एवढंच तिचं मागणं होतं. विषुववृत्ताजवळच्या प्रवाळावर लख्ख उन्हात राहणाऱ्या प्राण्याला तिच्यासारखं बरणीत ठेवलं तर तो मरणारच. दोघांचं नाव एक आहे, एवढंच.

आणि गंमत बघा. 1880 पासून गेडिस एडिंबरोला वनस्पतिशास्त्र शिकवत होता. त्याच्या विभागाचे प्राध्यापक अलेक्झांडर डिक्सन हेच बोटॅनिक गार्डनचे प्रमुख होते, आणि त्याच बागेच्या क्युरेटरकडे आजी बसलेली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला का, वहीत सही केली का, याचा कागद मला सापडलेला नाही. पण मला ते दृश्य डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. शहरातली सगळ्यात प्रसिद्ध ॲनिमोन, आणि बाजूने जाणारा तो माणूस ज्याला ॲनिमोन कशावर जगतात ते कळलं होतं, फक्त त्या आजीला ते लागू नव्हतं.

गेडिसचे डोळे 1879 साली मेक्सिकोत अधू झाले होते. सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणं पुढे त्याला झेपेना आणि तो हळूहळू माणसांच्या वस्त्यांकडे वळला. म्हणून तो मुंबईत आला. मुंबईत तो नगररचनेबद्दल बोलला. ॲनिमोनबद्दल त्याला विचारणारं तेव्हा कोण असणार!

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं पटकन सांगतो, कारण ती फार अभिमानास्पद नाहीत. क्लाउनफिश मोठ्या ॲनिमोनमध्ये राहतात हे कथबर्ट कॉलिंगवुडने 1868 सालीच दक्षिण चीन समुद्रातून लिहून पाठवलं होतं. विसाव्या शतकात विमानं आली, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, आणि ती जोडी घरोघर पोचू लागली. तिच्यावर दिवा होता ट्यूबलाइट. शेवाळ अन्न देतं याचा थेट पुरावा, किरणोत्सारी कार्बन वापरून, मस्कॅटिन आणि हँड यांनी 1958 साली दिला, आणि तोही एका ॲनिमोनवरच. तरी छंदवाले फिल्टरच सुधारत बसले. 1961 साली जकार्तातल्या ली चिन एंग याने एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली: समुद्रातून जीवजंतूंसकट खडक आणा, थोडी हवा सोडा, ऊन येऊ द्या, हात लावू नका. बहुतेकांनी 'हे समुद्राजवळ राहणाऱ्याला शक्य आहे' म्हणून सोडून दिलं. नंतर जर्मनांनी त्याला जोरदार मेटल हॅलाइड दिवे आणि स्किमर जोडले, आणि घरात प्रवाळ वाढायला लागले. म्हणजे 1882 मध्ये छापलेली गोष्ट टाकीवरच्या दिव्यापर्यंत पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आमच्या क्षेत्रात याला 'डॉक्युमेंटेशन होतं, कोणी वाचलं नाही' म्हणतात.

किंमत कोणी मोजली तेही कळायला हवं. क्लाउनफिशची आता पैदास होते, दुकानातले बरेचसे टाकीतच जन्मलेले असतात. मोठ्या ॲनिमोनांचं तसं नाही. ते अजून मुख्यतः समुद्रातूनच काढले जातात. ते हळू वाढतात आणि समुद्रात कित्येक दशकं जगत असावेत असं डॅफ्नी फाउटिनसारख्या अभ्यासकांचं म्हणणं. फिलिपिन्समधल्या सेबू बेटाजवळ पाहणी झाली, ती 2005 साली प्रसिद्ध झाली. जिथे गोळा करतात तिथे ॲनिमोनही कमी आणि त्यांत राहणारे मासेही कमी आढळले. घर गेलं की भाडेकरूही गेला, साधं आहे. एडमंड गॉसने डेव्हनबद्दल लिहिलं तेच, फक्त छिन्नी पोचायला आता रेल्वे लागत नाही. आपल्याकडे 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात टाकलंय, वाघाच्या पंगतीत. त्यामुळे ली चिन एंगची 'समुद्रातून खडक आणा' ही पायरी आपल्याला उचलता येत नाही, आणि तेच बरं. माझ्या टाकीत भाजलेल्या मातीचे खडक आहेत. त्यांत जिवाणू मुरायला वर्ष गेलं.

त्या मरणानंतर मी पाच वर्षं ॲनिमोन घेतला नाही. दिवा बदलला. उजेड मोजायचं मीटर एका ग्रुपमधून भाड्याने आणून टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यात बुडवून आकडे लिहून काढले. दर रविवारी वीस लिटर पाणी बदलायचं, आरओचं पाणी, मोजून मीठ, रात्रभर पंप लावून. डॅलिएलचा हमाल तो आता मीच. दुकानात पांढरे प्रीमियम पीस अधूनमधून दिसतात. एकदा शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाला, नुकताच नोकरीला लागलेला असावा, मी म्हटलं, 'तो नको घेऊस, आजारी आहे.' दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर मी त्या दुकानात जात नाही. मुलाने घेतलाच, बहुतेक.

ठाण्यातल्या एका मित्राकडे बबल टिप जातीचा ॲनिमोन आहे. ही जात टाकीत स्वतःच मधून फाटून दोन होते. त्याच्याकडे एकाचे गेल्या काही वर्षांत पाच झालेत, समुद्रातून एकही नवीन न काढता. तो कधीपासून म्हणत होता, 'एक घेऊन जा रे.' मी कधीपासून म्हणत होतो, 'थांब.' मागच्या महिन्यात टाकीचे आकडे सलग सहा महिने सरळ रेषेत राहिले, मग गेलो. थर्माकोलच्या खोक्यात दुहेरी पिशवी, आणि पिशवीत हलू नये म्हणून ज्या मातीच्या तुकड्याला तो चिकटला होता तो तुकडाच सोबत. स्पंज आणि सुईदोरा नेला नव्हता, पण द्रुतगती मार्गावर घाटात ट्रॅफिक अडकला तेव्हा ॲना थिनची आठवण झाली.

टाकीत सोडला तेव्हा मी त्याच्यासाठी पुढची, मधली, उत्तम जागा ठरवून ठेवली होती. दोन रात्री तिथे राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी जागा रिकामी. आता तो मागच्या खडकाच्या उजव्या बाजूला बसलाय, जिथे मीटरने सगळ्यात जास्त आकडा दाखवला होता आणि जिथून मला सोफ्यावर बसून त्याची फक्त तीन बोटं दिसतात. क्लाउनफिशला त्याचा अजून पत्ता लागलेला नाही. तो अजूनही वेव्हमेकरच्या मागे झोपतो.

आईला फोटो पाठवला, टाकीच्या बाजूच्या काचेतून, वाकडी मान करून काढलेला. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, 'हा चहासारखा दिसतोय.'